परदेशी दंतशिक्षणाआधीचं कार्डाचं कर्ज: नागपूरमधलं एक प्रकरण

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतली माणसं मुलांच्या शैक्षणिक कर्जाची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. मी कागद लावून देतो, बँकेत काय काय विचारतील ते सांगतो. हे प्रकरण २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि २०२५ च्या मे महिन्यात संपलं. घरच्यांना विचारून लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी बीडीएस झालेली. इंटर्नशिप संपल्यावर ती धरमपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात महिना २८,००० रुपयांवर लागली. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन ४१,०००. प्रतापनगरात स्वतःचं घर, त्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. वडिलांनी आयुष्यात कधी क्रेडिट कार्ड घेतलं नाही. त्यांच्या हिशेबी कार्ड म्हणजे उधारी, आणि उधारी म्हणजे किराणावाल्याच्या वहीत नाव.

बाहेर शिकलेल्या दंतवैद्याला अमेरिकेत सरळ दवाखाना टाकता येत नाही. बहुतेक राज्यांत तिथल्या मान्यताप्राप्त डेंटल स्कूलची पदवी लागते. परदेशी दंतवैद्यांसाठी त्याचा दोन ते तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्याला ‘ॲडव्हान्स्ड स्टँडिंग’ म्हणतात. तिथवर पोचण्याचा रस्ताच महाग आहे. आयएनबीडीई ही तिथली दंतवैद्यांची परीक्षा, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रिकांचं मूल्यांकन, कॅपिड या सामाईक पोर्टलवर प्रत्येक कॉलेजचं वेगळं शुल्क. मुलाखतीचं बोलावणं आलं की बऱ्याच ठिकाणी बेंच टेस्ट असते. प्लास्टिकच्या दातांवर क्राउनसाठी दात घासून दाखवायचा, फिलिंग करून दाखवायचं, आणि तेही तिथे जाऊन. म्हणजे प्रवेश मिळणार की नाही हे कळायच्या आधीच अमेरिकेची एक फेरी.

शैक्षणिक कर्ज मिळतं ते प्रवेशपत्र हातात पडल्यावर. त्याआधीचा खर्च घरातून नाही तर कार्डातून जातो. माझ्याकडे आलेल्या फायलींमध्ये कार्डाची थकबाकी बहुतेक वेळा इथेच जन्मलेली दिसली. मौजमजेत उडवलेले पैसे क्वचितच असतात, आणि घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

या मुलीचा पहिला प्रयत्न २०२२ चा. वडिलांनी १,७०,००० रुपये दिले, एकाही कॉलेजचं बोलावणं आलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये कॅपिड पुन्हा उघडलं तेव्हा तिला वडिलांकडे परत मागायची हिंमत झाली नाही. तिने घरी सांगितलं, “माझी बचत आहे.” बचत होती ३८,००० ची एक आरडी. बाकी दोन कार्डं.

अडचण किती मोठी होती

डिसेंबर २०२३ मध्ये तिला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सुरुवात जुलै २०२४. शिक्षण शुल्क आणि राहणं मिळून खर्च साधारण १ कोटी ४० लाख रुपये. बँकेकडून १ कोटी १५ लाख घ्यायचे आणि २५ लाख वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून घालायचे, असं घरात ठरलं. परदेशी शिक्षणाला बँका साधारण १५ टक्के मार्जिन, म्हणजे घरचा वाटा, मागतात, त्यात हे बसत होतं. तारण घराचं.

वडील फाइल घेऊन माझ्याकडे आले. घराचे कागद चोख होते, इंडेक्स टू, आर. एल. लेटर, कराच्या पावत्या, सगळं लावलेलं. मी म्हटलं, आता दोघांचं सिबिल, म्हणजे आजवरची कर्जं कशी फेडली त्याचा अहवाल आणि स्कोअर, बघतील, मुलीचंही आणि सहकर्जदार म्हणून तुमचंही. ते हसून म्हणाले, “बघू द्या ना. आमच्यावर काय आहे?”

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलगी एकटीच आली. बाहेर स्कूटी उभी करून दहा मिनिटं फाटकापाशीच थांबली होती, हे मला पत्नीने नंतर सांगितलं. आत आली, पाणी प्यायली आणि मोबाइलवर दोन स्टेटमेंटं उघडून माझ्यापुढे धरली. पहिल्या कार्डावर १,८४,०००. दुसऱ्यावर ९६,०००. एकूण २,८०,०००. दोन्ही कार्डांची मर्यादा मिळून ३,००,०००.

“दर महिन्याला भरून राहिली मी काका. चौदा हजार भरते. कमीच नाही होऊन राहिलं.”

ती खरं बोलत होती. पहिल्या कार्डाचा व्याजदर महिना ३.५ टक्के, वर्षाचे ४२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर वर्षाला साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या वर. १,८४,००० वर महिन्याचं व्याज ६,४४० आणि त्यावरचा कर १,१५९, म्हणजे ७,५९९. किमान रक्कम होती थकबाकीच्या पाच टक्के, ९,२००. ती भरली की मुद्दलातून सोळाशे रुपये जायचे. दुसऱ्या कार्डाचा दर ३.६ टक्के, तिथे व्याज आणि कर मिळून ४,०७८ आणि किमान रक्कम ४,८००. दोन्हींचं मिळून महिन्याला ११,६७७ रुपये व्याजात जात होते. पगारातले चौदा हजार देऊन कर्ज उतरत होतं तेवीसशेने. आणि त्यात एखादा नवा स्वाइप झाला की तेही नाही, कारण मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदीच्या तारखेपासूनच मीटर सुरू होतो.

मी तिला कागदावर मांडून दाखवलं की पुढे एक पैसाही खर्च न करता नुसती किमान रक्कम भरत राहिली, तर पहिल्या कार्डाचं निम्मं कर्ज फिटायलाच साडेसहा वर्षं लागतील. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. स्टेटमेंटवर बारीक अक्षरांत इशारा असतो, पण चौदा हजार भरणाऱ्या माणसाला आपण फेडतोच आहोत असं वाटत राहतं.

खर्चाचा हिशेब लावला. मार्च ते नोव्हेंबर या काळात स्वाइप ३,२०,००० चे. त्यातले २,०५,००० डॉलरमध्ये गेलेले. परकीय चलनावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे कार्ड कंपनीचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. साडेआठ हजार रुपये नुसते डॉलरमध्ये पैसे भरले म्हणून गेले होते. मार्कअप, व्याज, विलंब शुल्क सगळं मिळून ५५,०००. तिने भरलेले ९५,०००. उरले २,८०,०००.

विलंब शुल्काची गोष्ट अशी. ऑगस्टमध्ये ती बेंच टेस्टसाठी अमेरिकेत होती. इथलं सिम रोमिंगवर नव्हतं, ओटीपी येईना, ऑटो-डेबिट लावलेलं नव्हतं. परत येऊन भरेपर्यंत ३४ दिवस उलटले. सिबिल अहवालात तो महिना तसाच उमटला होता. स्कोअर ६६८.

पहिला निर्णय: घरात कोण सांगणार

पैशाचे पर्याय आम्ही त्या संध्याकाळी काढलेच नाहीत. त्याआधी एक गाठ सुटायची होती.

पुढच्या शुक्रवारी वडिलांनी शाखेत वेळ घेतली होती. तिथे मॅनेजर दोघांचे अहवाल काढणार आणि वडील शेजारच्या खुर्चीवर बसलेले असणार. मुलीचा आग्रह होता की मी वडिलांना काही बोलू नये. तिची कल्पना अशी की बँक फक्त वडिलांचं बघेल, घर तारण आहेच, आणि अमेरिकेत पोचल्यावर ती काम करून हळूहळू फेडेल. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. मुख्य कर्जदार तीच आहे, अहवाल तिचाच आधी निघेल. आणि विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. डेंटल स्कूलचं दिवसभराचं क्लिनिक सांभाळून कॅम्पसमध्ये जे काम मिळेल, त्यातून बेचाळीस टक्क्यांचं कर्ज उतरणार नाही.

माझीही परीक्षाच होती. वडील माझे पंचवीस वर्षांचे ओळखीचे. त्यांनी विश्वासाने फाइल दिली होती, ते घर गहाण टाकणार होते, आणि मला माहीत असलेली गोष्ट त्यांना माहीत नव्हती. उद्या सही करून बसल्यावर कळलं असतं तर त्यांनी मला काय म्हटलं असतं? पण मुलगीही माझ्याकडे विश्वासानेच आली होती. मी तिला म्हटलं, मी सांगणार नाही, पण तुझ्या बाबांना माहीत नसताना मी त्या शाखेत पाऊल ठेवणार नाही. रविवारपर्यंत तू सांग. हवं तर मी येऊन बसतो.

तिने मला बोलावलं. रविवारी सकाळी पोहे झाले, चहा झाला, आणि तिने स्टेटमेंटच्या प्रिंट बाबांपुढे ठेवल्या. ते चष्मा लावून बराच वेळ वाचत होते. मग इतकंच म्हणाले, “कितीक झाले एकूण?” तिने आकडा सांगितला. “आणि मला का नाही सांगितलंस?”

“मागच्या वेळी तुमचे एक लाख सत्तर हजार गेले होते ना बाबा.”

ते उठून अंगणात गेले. आईला रडू आवरेना. पंधरा मिनिटांनी आत येऊन त्यांनी मला विचारलं, “भाऊ, आता शुक्रवारी जायचं की नाही?” त्या प्रश्नाने पुढचं सगळं सोपं झालं. घरात हे उघड झालं नसतं तर पुढच्या पर्यायांपैकी जवळजवळ एकही हाताशी नव्हता, कारण मुलीच्या एकटीच्या नावावर उभं राहील असं काहीच नव्हतं.

पर्याय

शुक्रवारी जायचं नाही हे लगेच ठरलं. त्या शाखेच्या दरतक्त्यात ७०० च्या खालच्या अर्जदाराला अर्धा टक्का जास्त होता, आणि फाइल वरच्या कार्यालयात जाणार होती. १ कोटी १५ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाला ५७,५००. पावणेतीन लाखांच्या थकबाकीची खरी किंमत तिथे दिसली. ती थकबाकी पुढची दहा-बारा वर्षं मोठ्या कर्जाच्या दरात बसून राहिली असती.

उशीर करण्यातही धोका होता. विद्यापीठाला आर्थिक कागदपत्रं १५ एप्रिलपर्यंत हवी होती, त्याशिवाय आय-२० हे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र मिळणार नव्हतं, आणि आय-२० शिवाय व्हिसाची मुलाखत नाही. शिवाय आज कार्ड फेडलं की उद्या स्कोअर वाढतो असं होत नाही. त्या वेळी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवत (१ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली). जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पैसे भरले, तर फेब्रुवारीच्या शेवटी अहवाल स्वच्छ दिसेल असा अंदाज धरला आणि शाखेतली वेळ फेब्रुवारीअखेर मागून घेतली.

आता २,८०,००० आणायचे कुठून?

वैयक्तिक कर्जाचा विचार तासाभरात संपला. दवाखाना पगार यूपीआयवर देत होता, सॅलरी स्लिप नाही, आणि सहा महिन्यांत नोकरी सोडायची होती. त्यात १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवर आणि कार्डांच्या थकबाकीवर बँकांचा जोखीम भार वाढवला होता, म्हणजे अशा कर्जामागे बँकेला जास्त भांडवल राखावं लागणार होतं, त्यामुळे सगळेच हात आखडून होते. शैक्षणिक, गृह, वाहन आणि सोनेतारण कर्जं त्यातून वगळलेली होती, हे मात्र आमच्या कामाचं निघालं.

कार्ड कंपनी थकबाकीचे ईएमआय करून द्यायला तयार होती, १८ टक्क्यांनी. दर निम्म्याहून कमी, पण रक्कम कार्डावरच राहते, मर्यादा अडकलेलीच दिसते, आणि ती जाताना हप्ते चालू असते. मला हा मार्ग अगदी वाईट वाटत नाही. ज्याच्यापुढे मोठ्या कर्जाचा अर्ज नाही, त्याने हा जरूर बघावा. इथे तो बसत नव्हता.

मुलीच्या मामांनी सुचवलं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेताच येत नाही, ग्राहक मंचात जाऊ. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तसा २००८ चा आदेश होता खरा, पण त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती होती. पुढे २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्दच झाला. त्या भरवशावर राहिलो असतो तर आमचं वर्ष गेलं असतं.

सगळ्यात फसवा पर्याय फोनवरून आला. एका एजंटने मुलीला सांगितलं, साठ टक्के भरा, बाकी माफ करून खातं बंद करून देतो. एक लाखाच्या वर वाचत होते आणि वडीलही क्षणभर विचारात पडले. पण अशा खात्यावर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, पूर्ण न फेडता मिटवलेलं, आणि तो वर्षानुवर्षं राहतो. शैक्षणिक कर्जाच्या तोंडावर हा शेरा घेणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. मी त्यांना हे ज्या जोरात सांगितलं तितक्या जोरात या प्रकरणात दुसरं काहीच सांगितलं नाही.

मार्जिनच्या पंचवीस लाखांना हात लावायचा नाही हे वडिलांनीच ठरवलं. ती रक्कम बँकेला दाखवायची होती. त्याशिवायची ६०,००० ची एक एफडी स्लॅबच्या दुरुस्तीसाठी बाजूला होती.

मग आई बोलली. ती आतापर्यंत गप्प होती. “माझ्या पाटल्या अन् गोफ आहे. इतवारीत विकून टाका. मला काय करायचं आहे ते ठेवून.”

विकायचं की तारण ठेवायचं यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. विकलं की विषय संपतो, व्याज नाही, तारीख नाही, असं वडिलांचं म्हणणं. माझं म्हणणं तारणाच्या बाजूने होतं. सरकारी बँकेचा सोनेतारणाचा दर ९.२५ टक्के होता, मुलीच्या हातात अजून सहा पगार होते, आणि विकताना घडणावळ बुडते, घट जाते. सोन्याचा भाव तेव्हा दहा ग्रॅमला ६३ हजारांच्या आसपास होता. तो वाढेल या आशेवर मी सल्ला दिला नव्हता, पण एप्रिलमध्ये तो ७२ हजारांच्या वर गेला.

काय केलं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या नावाने १,८५,००० चं सोनेतारण कर्ज घेतलं. ६०,००० ची एफडी मोडली. मुलीने ३८,००० ची आरडी मोडली. २,८३,००० जमले आणि दोन्ही कार्डं एकाच दिवशी पूर्ण भरली. सोनेतारण आईच्या नावावर असल्यामुळे ते कर्जदार किंवा सहकर्जदाराच्या अहवालात येत नव्हतं. तरीही शाखेत गेल्यावर वडिलांनी ते मॅनेजरला तोंडी सांगून टाकलं. घराची जबाबदारी कुठे किती आहे हे लपवून कोट्यवधीचं कर्ज मागू नये, यावर आमचं एकमत होतं.

इथे एक ठेच लागता लागता राहिली. मुलीला वाटलं कार्ड शून्य झालं. पण मागच्या स्टेटमेंटपासून पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. फेब्रुवारीत पहिल्या कार्डावर २,१४० रुपये आले. तिने ॲप उघडणंच सोडलं होतं, इतका त्याचा वीट आला होता. देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज विचारलं म्हणून कळलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच खातं थकीत म्हणून कळवायचं असतं. त्या तीन दिवसांत आम्ही बसलो.

दुसरं कार्ड बंद केलं. सगळी बाकी भरलेली असेल तर कार्ड कंपनीने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा त्याच निर्देशांमध्ये नियम आहे. तिने विनंती लेखी केली, पाचव्या दिवशी बंद झाल्याचं पत्र आलं. पहिलं कार्ड जुनं होतं, ते चालू ठेवलं आणि पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावलं.

पुढे पगारातले महिना १८,००० सरळ सोनेतारणात जाऊ लागले. आधी चौदा भरून काही उतरत नव्हतं. आता पहिल्याच महिन्यात व्याज १,४२६ गेलं आणि मुद्दल साडेसोळा हजारांनी उतरलं. ती मला पासबुकाचा फोटो पाठवायची. त्याखाली काही लिहिलेलं नसायचं, नुसता फोटो.

जाण्याआधीच्या खर्चाची यादीही याच काळात केली, कारण कार्ड परत भरायला लागतं ते याच वळणावर. सेव्हिसचे, म्हणजे अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ डॉलर, मुंबईच्या दोन फेऱ्या, विमानाचं तिकीट. त्याशिवाय टीसीएस होता, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर. त्या वर्षीच्या नियमाने शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर सात लाखांच्या वर अर्धा टक्का कापला जाणार होता. विवरणपत्रात तो परत मिळवता येतो, पण त्या दिवशी खिशातून द्यावाच लागतो. तिकीट कर्जात बसवलं, बाकीसाठी वडिलांनी वेगळे पैसे ठेवले. सेव्हिसचे पैसे कार्डानेच भरले, पण त्याच रात्री तेवढी रक्कम कार्डावर टाकली.

शाखेत

फेब्रुवारीअखेर मुलीचा स्कोअर ७३१ दिसत होता. आम्ही निश्चिंत होऊन शाखेत गेलो. मॅनेजरने अहवाल काढला आणि विचारलं, हे ६,८०० चं कर्ज कशाचं?

आम्ही सिबिल या एकाच संस्थेचा अहवाल पाहिला होता. बँकेने दुसऱ्या संस्थेचा काढला. त्यात एका ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ ॲपचं खातं उघडं होतं. मुलीने २०२२ मध्ये त्यावरून मोबाइल घेतला होता आणि शेवटचा हप्ता अडकून राहिला होता. ॲप तिने कधीच काढून टाकलं होतं. ते खातं शोधणं, पैसे भरणं, ना-थकबाकी पत्र मिळवणं आणि ते शाखेत पोचवणं, यात सतरा दिवस गेले. वडिलांनी या वेळी मुलीला एक शब्द विचारला नाही. तेच तिच्याबरोबर मेल लिहीत बसायचे.

मंजुरीपत्र ९ एप्रिलला हातात आलं. विद्यापीठाच्या मुदतीला सहा दिवस उरले होते. दरात वाढ लागली नाही, उलट मुलींसाठीची अर्ध्या टक्क्याची सूट मिळाली. मे महिन्यात मुंबईच्या वकिलातीत व्हिसा झाला.

निकाल

जून संपताना सोनेतारणाचे ८३,६०० उरले होते. ती ते ठेवून गेली. वडिलांनी पेन्शनमधून महिना ८,००० भरले, मध्ये जानेवारीत एकदा कर्जाचं नूतनीकरण केलं, आणि मे २०२५ मध्ये पाटल्या आणि गोफ घरी आले. त्या सतरा महिन्यांत सोनेतारणाचं एकूण व्याज गेलं साडेदहा हजार. कार्डांवर एका महिन्याचं व्याज त्याहून जास्त होतं.

शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थीही परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी धरला जातो, त्यामुळे तिचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागलं. त्या बदलात कार्डाचं ऑटो-डेबिट तुटलं. कार्डावर तेव्हा फक्त वार्षिक शुल्क आलं होतं. या वेळी सिम रोमिंगवर होतं, निरोप पोचला, तिने दुसऱ्या दिवशी भरून नवा मँडेट लावला.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक आधी. चारही संस्थांचे अहवाल मी पहिल्याच आठवड्यात काढायला लावायला हवे होते. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीस मिनिटांचं काम होतं. ते न केल्याने सतरा दिवस गेले, आणि शाखेने अजून आठवडा लावला असता तर एक वर्षाचा प्रवेश गेला असता. बँकेत इतकी वर्षं काढूनही मी ‘सिबिल’ या एका शब्दावर थांबलो, याचं मला वाईट वाटतं.

मुलीच्या बाजूने पाहिलं तर अडचण मार्च २०२३ मध्येच कमी झाली असती. अर्ज नऊ कॉलेजांना होते. त्यातली तीन अशी, जिथे गेल्या वर्षी तिच्यापेक्षा जास्त अनुभव असलेल्यांनाच बोलावलं होतं, हे तिला माहीत होतं. परदेशी चलनाच्या खर्चासाठी कमी मार्कअपचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड घेता आलं असतं. बेंच टेस्टला निघण्याआधी ऑटो-डेबिट आणि रोमिंग ही दोन कामं झाली असती, तर तो ३४ दिवसांचा डाग पडलाच नसता, आणि ६६८ च्या जागी स्कोअर बहुधा सातशेच्या जवळ राहिला असता.

सोनं तेव्हाच, मार्चमध्ये, तारण ठेवलं असतं तर? हा प्रश्न आईने मला विचारला. हिशेब सोपा आहे, कार्डावर गेलेल्या ५५,००० मधले बहुतेक वाचले असते. पण त्यासाठी मार्चमध्ये मुलीला घरी बोलता यायला हवं होतं, आणि पहिले एक लाख सत्तर हजार बुडाले तेव्हा घरात नक्की काय बोललं गेलं होतं, ते मला माहीत नाही. वडिलांना मी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी एकदा आपणहून सांगितलं, “मी काही बोललो नव्हतो भाऊ. चार दिवस काहीच बोललो नव्हतो.”

मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. धाकटा भाऊ पुण्यात फिजिओथेरपी करतो, त्यालाही बाहेर जायचं आहे. मागच्या दिवाळीत वडिलांनी त्याच्यासाठी एक वेगळी आरडी उघडली, महिना ५,००० ची. पासबुकावर त्यांनी पेनाने लिहिलं आहे: अर्ज आणि परीक्षा.